अर्धा अँपिअर

आमच्या परभणीविषयी दोन म्हणी सर्वत्र प्रसिद्ध आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही पहिली; ती आम्ही परभणीकर छाती पुढे काढून सांगतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही दुसरी. ती बहुधा परगावचे लोक आम्हांला ऐकवतात. सकाळी किल्ली फिरवताच मोटार सुरू झाली म्हणजे मला पहिली म्हण आठवते आणि बॉनेटखालून नुसते 'टक्' ऐकू आले म्हणजे दुसरी. गेल्या वर्षी आषाढापासून दसऱ्यापर्यंत माझा मुक्काम या दुसऱ्या म्हणीतच होता.

मोटार म्हणजे काही मोठा बडेजाव नव्हे. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, सेकंडहँड, चार माणसे ऐसपैस आणि पाचवे अवघडून बसेल एवढी. हौस म्हणून मी तिच्यात एकच भर घातली. गुढीपाडव्याला काहीतरी नवे घ्यावे असे म्हणतात, म्हणून तिला एक रेडिओ बसवून घेतला. आवाज भरदार यावा म्हणून दुकानातल्या मुलाने पुढच्या आसनाखाली एक काळी पेटीही ठेवून दिली. आकाशवाणी परभणीवरचे निवेदन त्या पेटीतून असे घुमून येई, की निवेदक मागच्या आसनावर बसला आहे असे वाटावे.

घरात आम्ही तीन माणसे. मी, सौभाग्यवती आणि माझा भाचा. अक्काचे घर पाथरी तालुक्यात. तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा इथल्या कृषी विद्यापीठात शिकायला लागला तेव्हा वसतिगृहाची चौकशी तिने माझ्यादेखत केली, आणि मी रागावून ती बंद पाडली. मामाचे घर असताना भाच्याने वसतिगृहात का राहावे? आमच्याकडे भाच्याला जेवू घालणे हे पुण्याचे मानतात. ते पुण्य मी आनंदाने पदरात पाडून घेत होतो. पोरगा मोठा गुणी. बोलणे कमी, काम जास्त. रविवारी सकाळी मोटार धुवायची, आरशासारखी पुसायची, आणि मग काचा वर करून अर्धा-पाऊण तास आत एकटेच बसायचे, हा त्याचा शिरस्ता. मी ओसरीवरून पाहत असे. रेडिओ ऐकत असेल, म्हणून मी काही बोलत नसे.

आषाढात पहिल्यांदा बॅटरी उतरली. त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नव्हते. बॅटरी तीन वर्षांची होती आणि परभणीचा वैशाख कोणाचीच गय करत नाही. उन्हाने बॅटरीचे आयुष्य घटते, हे खरेच आहे. मी मुकाट्याने नवी बॅटरी घेतली. श्रावणात ती नवीही उतरली. शेजाऱ्यांच्या मोटारीला केबल जोडून गाडी सुरू केली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आता मात्र माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. रविवारी भाचा मोटारीत बसतो. सोम, मंगळ, बुध गाडी अंगणात उभी असते. गुरुवारी मी किल्ली फिरवावी, तर टक्! एकदा झाले, दोनदा झाले, तिसऱ्यांदा तर मी कॅलेंडरवर खूणच करून ठेवली होती. मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. उत्तर आधी ठरवून मग रीत जुळवणाऱ्या मुलांचे कान मी आयुष्यभर पिळत आलो, आणि तेच मी स्वतः करत होतो, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

मग भाद्रपद आला. पितृपक्षात भाच्याच्या वडिलांची तिथी होती. सकाळी आठाला निघून मानवतवरून पाथरी, आणि तिथून अक्काचे गाव, दहाच्या आत पोचायचे असे ठरले होते. भाचा नवे धोतर पिशवीत घालून, आंघोळ करून, न खाता तयार बसला होता. मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. तेवढेही नाही. गल्लीतल्या चार पोरांनी धक्का मारून पाहिला. पण हल्लीच्या गाड्यांत पेट्रोल खेचणारा पंपसुद्धा विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पार रिती असली तर नुसत्या धक्क्याने काही होत नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, सौभाग्यवती डबे घेऊन फाटकात उभी होती, आणि माझा तोल सुटला.

"रोज रेडिओ लावून बसतोस," मी ओरडलो, "बॅटरी काय तुझ्या बापाची आहे?"

मराठीत हे वाक्य दिवसातून शंभर वेळा शंभर ठिकाणी बोलले जाते आणि त्याचा अर्थ कोणी शब्दशः घेत नाही. परंतु त्या दिवशी, त्या मुलापुढे, त्याचा दुसरा अर्थच उरला नव्हता. तो काही बोलला नाही. मोटारीची दुसरी किल्ली त्याच्याजवळ असे. ती त्याने खिशातून काढली, घरात जाऊन दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि पिशवी उचलून एसटी स्थानकाच्या दिशेने चालू लागला. आम्ही दोघे मागून गेलो. बसमध्ये तो पुढे बसला, आम्ही मागे. गावी पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. अक्का पान वाढून उन्हात वाट पाहत होती. "गाडी बिघडली का रे?" एवढेच तिने विचारले. "हो मामी-मामांची गाडी बंद पडली," असे तिच्या पोराने सांगितले. दुसरे काही सांगितले नाही. त्याने सांगितले असते तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर घरात भांडण नव्हते, अबोलाही नव्हता. पण काहीतरी रोज थोडे थोडे उतरत होते. भाचा विद्यापीठात सायकलने जाऊ लागला. 'मामा, चहा', 'मामा, पाणी आलंय', एवढेच बोलणे. रविवारी मोटार मी धुऊ लागलो, आणि ती कधी आरशासारखी झाली नाही. बॅटरीच्या दुकानदाराने बॅटरी भरून, तपासून परत दिली आणि म्हणाला, "माल चांगला आहे. तुमचंच काहीतरी चालू राहतंय." मी घरी येऊन सौभाग्यवतीला म्हणालो, "बघ, तोही तेच म्हणतो." ती काही बोलली नाही. आता ध्यानात येते, की त्या तीन आठवड्यांत माझ्या घरात कोणीच काही बोलत नव्हते, फक्त मी बोलत होतो.

मजा अशी, की भाचा महिनाभर मोटारीला शिवलासुद्धा नाही आणि दसऱ्याला बॅटरी पुन्हा मेली! मोटारीची पूजा होती, झेंडूची माळ तयार होती, आणि गाडी जागची हलेना. त्या क्षणी माझ्या सगळ्या हिशेबाचा पाया निखळला. पण कबूल कोणापाशी करायचे? दुसऱ्या दिवशी मी उस्तादांना बोलावले.

उस्ताद म्हणजे आमच्याकडचे मोटारीच्या विजेचे जुने कारागीर. आले ते स्कूटरवर, डिकीतून एक मल्टीमीटर काढला. गॅरेजमधल्या पोऱ्याने खंडेनवमीला पानांची आणि पकडींची पूजा करताना त्या मीटरलाही हळदकुंकू लावलेले होते. त्यांनी बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या तारा टेकवल्या. आकडा अकराच्या खाली.

"भरलेली असली तर १२.६ व्होल्ट दाखवते, सर," ते म्हणाले. "बारावर आली म्हणजे पाव भाग राहिली समजा. ही तर गेली. पण बॅटरी खराब नहीं है. कोई तो पी रहा है."

बॅटरी ही मोठी सोशिक वस्तू आहे. १८५९ साली गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल यांचा संसार प्रथम मांडला. एवढ्या वर्षांत तो संसार मुळात फारसा बदललेला नाही. साधारण दोन व्होल्टचे सहा खण ओळीने जोडले, की मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी तयार होते. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर मिळाला आणि गाडीपुढे उभे राहून हँडल मारण्याचा व्यायाम हळूहळू संपला. स्टार्टर दोन-चार सेकंदांत शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. ते बॅटरी हसत देते. धावत्या मोटारीत इंजिन अल्टरनेटर फिरवते आणि दिलेले सगळे परत भरून निघते. मोठ्या खर्चाने ती मरत नाही. ती मरते ती गाडी उभी असताना कोणीतरी गुपचूप थोडे थोडे घेत राहिले म्हणजे. आणि अशी वारंवार तळापर्यंत रिती होऊन पडून राहिली, तर पत्र्यांवर एक पांढरट थर धरतो, तो कठीण होत जातो, आणि मग कितीही भरा, पूर्वीइतकी ती भरत नाही.

उस्तादांनी आपली भरलेली बॅटरी जोडली. मग तिच्या ऋण टोकाची तार सोडवली आणि त्या तारेच्या व टोकाच्या मध्ये मीटर बसवला. मोटारीला जाणारा प्रत्येक थेंब आता मीटरमधून जाणार. "आता किल्लीला कोणी हात लावायचा नाही," त्यांनी बजावले. "हा दहा अँपिअरचा मीटर. स्टार्टर फिरला तर याचा फ्यूज जाईल." दार उघडे असले की आतला दिवा लागतो, म्हणून त्यांनी दाराच्या कुलपाची जीभ पेचकसाने दाबून बंद केली. दार उघडेच होते, पण मोटारीला वाटले ते लागले. इतक्या सहज फसणारे यंत्र मी पाहिले नव्हते. अर्थात, मीही कमी सहज फसलो नव्हतो.

आकडा दोनाच्या वर होता. मी घाबरलो. उस्ताद म्हणाले, "थांबा. चहा सांगा. हल्लीच्या गाड्या लगेच झोपत नाहीत. आतली यंत्रं एकेक करून झोपतात. लहान पोरांसारखं आहे."

चहा झाला. अर्ध्या तासाने आकडा खाली आला आणि एका ठिकाणी थांबला. संध्याकाळ होत आली होती. उस्तादांनी हाक मारली, "ए बाळा, जरा बॅटरी धर रे." भाचा ओसरीच्या खांबाला टेकून लांबून पाहत होता. तो आला, हातातली बॅटरी त्याने मीटरवर धरली आणि आकडा वाचला.

"०.४८."

"किती पाहिजे?" मी विचारले.

"०.०३, फार तर ०.०५. जवळजवळ अर्धा अँपिअर जास्त जातोय."

मग फ्यूज काढणे सुरू झाले. एक फ्यूज उपसायचा, आकडा पाहायचा, परत बसवायचा. पुढचे दिवे: ०.४८. हॉर्न: ०.४८. काचा, पंखा, आतला दिवा: तेच. रेडिओचा फ्यूज उपसला तेव्हा मी श्वास रोखला. मला शरम वाटते, पण आकडा पडावा असेच मला अजूनही वाटत होते. भाचा शांतपणे म्हणाला, "०.४८." रेडिओ सुटला. पोरगा सुटला.

सगळे फ्यूज संपले, आकडा जागचा हलला नाही. उस्ताद गुडघ्यावर बसले आणि त्यांनी मीटर सोडून दिला. नुसत्या हाताने ते मोटार चाचपू लागले. वैद्य नाडी पाहतो तसे. पुढच्या आसनाखाली हात घातला आणि तिथेच ठेवला. "सर, इकडे या. हात लावा."

मी हात लावला. ती काळी पेटी कोमट होती. रात्रंदिवस बंद असलेल्या मोटारीत, रेडिओचा डोळा मिटलेला असताना, ती पेटी जागी होती. बॅटरीपासून तिला एक जाड लाल तार थेट आलेली होती. तिचा फ्यूज वेगळा, बॅटरीजवळ, बाकीच्या फ्यूजांच्या पेटीत नव्हताच. उस्तादांनी तो उपसला.

"०.०३," भाचा म्हणाला.

या पेटीला 'जाग' आणि 'झोप' सांगणारी एक बारीक निळी तार असते. ती रेडिओकडून यायची असते. रेडिओ बंद झाला, की पेटी झोपते. इथे ती निळी तार त्या लाल तारेलाच पिळून टाकलेली होती. रेडिओची किल्लीवर चालणारी तारही त्यांच्यातच. उस्तादांनी तो तारांचा गुंता बोटांवर घेतला आणि विचारले, "ये कनेक्शन ऐसा करने को किसने बोला?"

दुकानातला मुलगा तिथे नव्हता. 'काय माहीत, त्यानेच केले असेल' एवढे म्हणून मला सुटता आले असते, आणि ते अर्धे खरेही झाले असते. पण मला पाडव्याची ती सकाळ लख्ख आठवली. सौभाग्यवती बाजारात भाजी घेते तेव्हा मला मोटारीत बसून ऐकता यावे, म्हणून दुकानात मी निक्षून सांगितले होते, की किल्ली काढली तरी रेडिओ चालू राहिला पाहिजे. 'होऊन जाईल,' असे तो म्हणाला, त्याने ते केले, मी पैसे दिले आणि विसरून गेलो.

"मी," मी म्हणालो. "मीच सांगितलं होतं."

कोणी काही बोलले नाही. भाच्याच्या हातातली बॅटरी किंचित हलली. मग तो उस्तादांना उद्देशून, पण मला ऐकू येईल असे म्हणाला, "आमच्याकडे पाटाच्या पाण्याची गळती अशीच शोधतात, मामा. एकेक चारी बंद करत जायचं. ज्याच्यावर आपला डाउट असतो, त्याच्याकडं कधीच सापडत नाही." महिन्याभरात त्याने मला उद्देशून उच्चारलेले हे सर्वांत लांब वाक्य होते.

रात्री मी कागद घेऊन बसलो. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. त्याला ०.४८ ने भागले, तर त्र्याहत्तर तास. तीन दिवस! रविवारी गाडी उभी राहिली, की गुरुवारी ती मरणारच होती. मग रविवारी तिच्यात कोणी बसो वा न बसो. रोज फिरवली असती तर अल्टरनेटरने भरून काढले असते आणि आम्हांला पत्ताही लागला नसता. एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो, तर किती तासांत रिता होईल? हे उदाहरण मी किती मुलांना घातले असेल! माझ्या अंगणात तो हौद सहा महिने गळत होता आणि मी तोटी मोजायची सोडून पोराला धरले होते.

सौभाग्यवती शेजारी येऊन बसली. "एक सांगू का?" ती म्हणाली. "तो गाडीत रेडिओ ऐकत नव्हताच. रविवारी अक्कांचा फोन येतो. कधी कापसाचं, कधी सोसायटीच्या कर्जाचं त्या बोलतात, रडतात. आपल्याला ऐकू जाऊ नये म्हणून तो काचा लावून बसायचा."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही उत्तरच सांगत होतात."

सकाळी भाचा सायकलीत हवा भरत होता. मोठ्या माणसांना लहानांची क्षमा मागण्याची रीत आपल्याकडे कोणी शिकवलेली नाही. मी नुसता जाऊन उभा राहिलो. "त्या दिवशी तुझ्या वडिलांचं नाव घेऊन मी जे बोललो," मी म्हणालो, "ते मी बोलायला नको होतं." तो पंप मारत राहिला. मग म्हणाला, "गाडीचं सापडलं ना, मामा. झालं." त्याचा आवाज नेहमीसारखा होता. पण ते 'झालं' पूर्ण झाले आहे की नाही, ते मला कळले नाही, आणि विचारण्याचा मला अधिकार नव्हता. खिळ्यावरची किल्ली मात्र दोन दिवसांनी तिथे नव्हती.

भाऊबीजेला आम्ही अक्काकडे गेलो. मोटार भाचाच चालवत होता. रस्त्याच्या कडेने कापूस फुटला होता. पाथरी मागे पडली आणि पैठणच्या नाथसागरातून येणाऱ्या डाव्या कालव्याचे पाणी शेतात दिसू लागले. रेडिओवर गाणे लागले होते. अक्काच्या दारात त्याने किल्ली काढली आणि गाणे मध्येच तुटले. आता ते तसेच तुटायचे असते. अक्का तबक घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने मला ओवाळले तेव्हा तिचा मुलगा माझ्यामागे उभा होता. निरांजनाचा उजेड दोघांवर पडत होता.

जाताना उस्तादांनी सांगितलेली एक गोष्ट मला त्या वेळी आठवली. मी त्यांना विचारले होते, की ते ०.०३ तरी कशाला? शून्यच का करत नाही? तेव्हा ते हसून म्हणाले होते, "शून्य नहीं करना, सर. तेवढं गाडीच्या घड्याळाला आणि आठवणीला लागतं. त्यानं बॅटरी सात आठवडे मरत नाही. शून्य केलं, तर गाडी सगळं विसरून जाईल."

त्या भाद्रपदातल्या सकाळचे ते एक वाक्यही माझ्या मनात अजून तेवढेच चालू आहे. ते मी पूर्ण बंद करणार नाही.